मदत हवी आहे: म्‌क्वावा हे नाव देवनागरीत कसं लिहावं?

टांझानियातल्या हेहे लोकांच्या या राजावर मराठी टिपण करतोय. १८९१ मध्ये लुगालोला त्यांनी झेलेव्स्कीची जर्मन तुकडी गारद केली. १८९४ ला कालेंगाचा कोट पडला, तरी १८९८ पर्यंत रानातून झुंजले. पकडले जाण्याआधी स्वतःवर गोळी झाडली. जर्मनीत नेलेली त्यांची कवटी परत द्यावी हे व्हर्सायच्या तहात, कलम २४६ मध्ये होतं. ती १९५४ ला ब्रेमेनहून मिळाली, नातलगांच्या डोक्यांची मापं ताडून. म्हणून ‘त्यांचीच’ असं ठाम लिहू नये.

अडचण नावाची. स्वाहिलीत सुरुवातीचा ‘म’ वेगळा उच्चारतात. ‘मक्वावा’त अ घुसतो, ‘म्क्वावा’त म गिळला जातो. पाय मोडून ‘म्‌क्वावा’ लिहिलं तर मधल्या अदृश्य चिन्हामुळे शोधताना नाव सापडत नाही. स्वाहिली जाणणाऱ्यांनी कृपया सांगा, छापताना कोणतं रूप ठेवू?