चौथीतल्या मुलीचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला घरी काय करावं?

ओसरीकर: लेक चौथीत, मराठी माध्यम. वाचते भरभर, गोष्ट रंगवून सांगते, पण लिहायला बसली की वेलांट्या-उकारांचा नुसता जुगार. कालच्या निबंधात एकाच पानावर ‘दुध’, ‘बहिण’, ‘आणी’, ‘सुर्य’. दोन वर्षं रोज पाच ओळी शुद्धलेखन लिहून घेतेय. अक्षर मोत्यासारखं झालं, चुका जिथल्या तिथे. कुणी काय केलंत?

चहाबाज: पाच ओळी बघून उतरवणं हे अनुलेखन झालं. आमचे चिरंजीव टीव्ही बघत बघत पान भरायचे! त्यापेक्षा चार वाक्यांचं श्रुतलेखन घ्या आणि तपासायला तिलाच द्या.

भाकरवाडी: मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे १४ आणि १९७२चे ४, असे १८ नियम आहेत. ते एकदम पुढ्यात टाकले तर मोठी माणसंही पळतात. मी एकच धरला आणि स्वयंपाकघरात नेला.

डब्यांना चिठ्ठ्या लावल्या: मीठ, पीठ, तूप, गूळ, तीळ. शेवटचं अक्षर साधं, म्हणजे अकारान्त, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दुसरा. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला: मिठाचा, पिठाचा, तुपाचा, गुळाचा, तिळाचा. प्रत्यय लागला की पहिला. पोरगा डबा आणायला गेला की ‘तूप आण’ आणि ‘तुपाचा डबा आण’ असं मुद्दाम आलटून पालटून म्हणायचे. आठवड्याभरात दूध-दुधाचा, फूल-फुलाचा, बहीण-बहिणीचा हे त्याचं त्यानंच लावलं.

मग एक दिवस ‘हिंग का नाही दीर्घ?’ म्हणून भांडला. मला तेच हवं होतं. अनुस्वार आला की सहसा पहिलीच: हिंग, सुंठ, चिंच. दुसरा नियमही डब्यातूनच निघाला.

गुण, विष, मंदिर हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. त्यांना पहिला महिनाभर हात लावू नका, नाहीतर ‘गूण’ लिहायला लागेल. सूर्य, पूर्ण, मूर्ख सरळ पाठ. शेवटची वेलांटी दीर्घ, म्हणून पाणी. पण ‘आणि’ अपवाद. आमच्याकडे फ्रीजवर ‘पाणी आणि लोणी’ एवढंच लिहून ठेवलंय.

लाल पेनाने पान रंगवू नका मात्र. निबंधात तेवढ्या एका नियमाच्याच चुका बघायच्या, बाकीच्यांकडे सरळ काणाडोळा.

सायनकर: थोडं वेगळं. फक्त ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल तर काळजी नको. पण काना-मात्रा गळणं, अक्षरांची उलटापालट, वाचतानाही अडखळणं असं असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात तसं क्लिनिक आहे. भाचीच्या वेळी आम्ही वर्षभर आळशीपणा समजून ओरडत राहिलो.

ओसरीकर: नाही, वाचन उत्तम आहे. चिठ्ठ्या लावून तीन आठवडे झाले. ‘दूध’ पक्कं झालं, ‘बहीण’ अजून डळमळतं. कोपऱ्यावरच्या ‘ताजे दुध’ पाटीखाली उभी राहून काकांना ‘दुसरा उकार हवा’ सांगून आली, मीच ओशाळले. आता विचारतेय, एकटा ‘गुरू’ दीर्घ, मग ‘गुरुवार’ ऱ्हस्व का? काय सांगू?

भाकरवाडी: सामासिक शब्दात पहिलं पद संस्कृत असेल तर ते मूळ रूपात राहतं. कवी पण कविवर्य, पशू पण पशुपक्षी, तसंच हे. तिला सांगा, एकटा असताना पाय पसरून बसतो, शेजारी कुणी आलं की आवरून घेतो.