गोव्यात मांद्र्यातल्या घराच्या खोल्या टुरिस्टना द्यायच्यात, सुरुवात कुठनं करू?

पेडणेकर८८: मंडळी नमस्कार. मांद्र्याला आमचं जुनं घर, आई आणि मी राहतो, दोन खोल्या रिकाम्या आणि मागच्या बाजूला नंतर बांधलेली एक, सीझनला द्यायचं मनात आहे. शेजारी म्हणतो ॲपवर फोटो टाक आणि मोकळा हो, कोण विचारतोय. खरंच असं चालतं?

डिचोलीकर: चालतं, पकडेपर्यंत. ॲप म्हणजे नुसती जाहिरात रे, लायसन नव्हे. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावीच लागते, एक खोली दिलीस तरी. नसेल तर दंड लाखाच्या घरात जाऊ शकतो. पणजीत पाट्टोला पर्यटन भवनात एकदा जाऊनच ये, फोनवर अर्धवट कळतं.

म्हापशाची वहिनी: नोंदणी नंतर भाऊ, आधी एक-चौदाचा उतारा काढ, जमीन कुणाच्या नावावर ते त्यात कळतं. आमच्या उताऱ्यावर अजून आजेसासऱ्यांचं नाव, म्हणजे सगळ्या वारसांच्या सह्या, आणि गोव्याच्या कायद्यात नवऱ्याबायकोचा अर्धा अर्धा वाटा, त्यामुळे काका सही करायला तयार तर काकी रुसलेली, वर्ष त्यातच गेलं 😅 जागा सेटलमेंटमध्ये (वस्तीच्या झोनमध्ये) आहे की ऑर्चर्डमध्ये (बागायतीच्या) तेही रिजनल प्लॅन २०२१ वर बघ. आणि ती मागची खोली. परवानगी घेतली होती का? समुद्राच्या भरती रेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, लागतो, तिथे पंचायतीने घरपट्टी घेतली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं अजिबात नाही. बहुतेक लोक इथेच फसतात.

डिचोलीकर: वहिनी बरोबर. आणि तुमच्याकडे रशियन बरेच येतात, तर विदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) विसरू नकोस, पाहुणा आला की २४ तासांत ऑनलाइन भरायचा. पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो दारातच काढून घे, एकदा बीचवर गेले की रात्रीपर्यंत हाताला लागत नाहीत. विजेचं मीटर घरगुती असेल तर त्याचीही चौकशी कर.

पेडणेकर८८: थँक्स दोघांना. मागच्या खोलीच्या परवानगीचं आईला विचारलं, म्हणते तेव्हा कोण घेत होतं. म्हणजे ती खोली बाद, सध्या दोनच दाखवतो. उताऱ्यावर बाबांबरोबर दोन काका आहेत, चतुर्थीला सगळे सहकुटुंब घरी येतातच, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधून झाली की कागद पुढे करतो.

म्हापशाची वहिनी: जेवण झाल्यावर कर. आणि आधी काकींना विचार.