मदत हवी आहे: पाण्याचे अनुभव ग्रामसभेपुढे मांडायचे कसे?

विहीरकाठ:
मराठवाड्यातल्या एका गावात ऑक्टोबरमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीचं ठरवायचं आहे. आकडे मिळतील. पण बोअर आणि शेततळ्यांवरून गावात तट पडलेत, म्हणून लोकांचे अनुभवही सभेपुढे ठेवायचे आहेत. विचारायला गेलं की गाऱ्हाणी नाहीतर भाषणं. प्रश्न कसा विचारावा? किती अनुभव पुरेत? अर्थ कुणी लावायचा?

पाणलोट_पाटी:
"टंचाईबद्दल काय वाटतं?" विचारलं तर भाषणच मिळणार. प्रसंग मागा: "मागच्या उन्हाळ्यात पाण्यावरून काही ठरवावं लागलं, असा एक दिवस सांगा." मग मध्ये बोलू नका. सांगून झालं की कागदावर त्रिकोण द्या. कोपरे: पाणी जमीनमालकाचं, खोल बोअरवाल्याचं, गावाचं. आपला प्रसंग ज्या कोपऱ्याकडे जितका झुकतो, तितकं त्याच्या जवळ टिंब सांगणाऱ्यानेच द्यायचं. लिहून घेणाऱ्याने दिलं तर त्याचंच मत शंभरदा उमटतं.

काळी_माती:
त्रिकोण ठीक, कोपरे चुकलेत. 'गावाचं' हे ऐकायलाच चांगलं, सगळी टिंबं तिथेच पडतील. तिन्ही कोपरे सारख्याच तोलाचे हवेत. उदा. "तो निर्णय कशाच्या जोरावर झाला: पैसा, नातीगोती, की पाण्याचा अंदाज?"

शंभर-सव्वाशे प्रसंग घ्या. पन्नासाच्या आत राहिलात तर बायका, भूमिहीन, ऊसवाले वेगळे काढल्यावर हाती काही उरत नाही. सरपंचांसमोर विचारू नका. सरकारी नमुन्याचा कागद तर नकोच, अनुदानाची यादी समजून जो तो नुकसान वाढवून सांगतो. विहिरी-बोअरची खोली लोक फुटांत सांगतात, तशीच लिहा. भूजल कायद्यातली 'खोल विहीर' ६० मीटरची, म्हणजे सुमारे २०० फूट.

विहीरकाठ:
आणि सभेत? सरासरी काढून दाखवू?

काळी_माती:
सरासरी अजिबात नको, दोन टोकांचे गट असले तर सरासरीचं टिंब नेमकं मधे येतं, जिथे कुणीच नाही. सगळी टिंबं मोठ्या कागदावर लावा, प्रसंगांच्या चिठ्ठ्या पाच-सहा जणांच्या गटांत वाटा आणि विचारा: असे प्रसंग वाढावेत की कमी व्हावेत, त्यासाठी या रब्बीत काय करता येईल? मोकळा राहिलेला कोपरा आणि एकटं पडलेलं टिंब यांवरच जास्त वेळ द्या. निरीक्षण विहिरीची (भूजल मोजायला नेमलेल्या विहिरीची) पातळी शेजारीच लावा, म्हणजे "पाणी आहे की" म्हणणाऱ्याला बोटाने दाखवता येईल.

पाणलोट_पाटी:
कोपऱ्यांचं मान्य. नुसतं नाव काढून मात्र भागत नाही. "बारा बोअर पाडलेला" म्हटलं की गावाला माणूस कळतोच. असे तपशील बदला आणि चिठ्ठी सभेत लावण्याआधी ज्याची त्याला वाचून दाखवून होकार घ्या.