‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ आणि युद्धाचं गांभीर्य

‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’सारख्या विनोदी सिनेमांमुळे अणुयुद्धाचं गांभीर्य कमी होतं, असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. १९६४ चा हा सिनेमा पीटर जॉर्जच्या ज्या कादंबरीवर बेतलाय, ती पूर्ण गंभीर आहे. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकलाही आधी गंभीर सिनेमाच करायचा होता. पण पटकथा लिहिताना जे प्रसंग लोकांना हास्यास्पद वाटतील म्हणून तो गाळत होता, तेच सगळ्यात खरे आहेत हे त्याच्या लक्षात आलं.

फोन बूथचा प्रसंग आठवून बघा. एका माथेफिरू अमेरिकी जनरलनं रशियावर अणुबॉम्ब टाकायला पाठवलेली विमानं परत बोलावायचा कोड मॅन्ड्रेक या अधिकाऱ्याला उलगडलाय, राष्ट्राध्यक्षांना फोन लावायचाय आणि खिशात पुरेशी नाणी नाहीत! कोका-कोलाच्या मशीनवर गोळी झाडून नाणी काढ म्हणतो, तर समोरचा कर्नल ती खासगी मालमत्ता आहे म्हणून अडून बसतो. जग बेचिराख व्हायची वेळ आलीये आणि माणूस नियमाला चिकटून आहे. यात हसण्यावारी नेण्यासारखं काय आहे? मला तर दर वेळी धडकी भरते.

हिटलरची खिल्ली उडवणाऱ्या चॅप्लिनच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’बद्दल (१९४०) मात्र विनोदानं गांभीर्य कमी होतं का, हा प्रश्न रास्त आहे. छळछावण्यांमधली खरी भीषणता तेव्हा माहीत असती तर हा सिनेमा करता आला नसता, असं त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. तरीही पृथ्वीच्या गोलाचा फुगा करून त्याच्याशी खेळणारा तो हुकूमशहा मला खोटा वाटत नाही. सत्तेची ती लाडिक हाव चॅप्लिननं नेमकी पकडलीये.