थायरॉइडची साधी गाठ: जाळायची, कापायची की तशीच राहू द्यायची?

शेवंती
आई ५८ वर्षांची. गळ्यात डावीकडे थायरॉइडची गाठ, साडेतीन सेंटिमीटर. सुईच्या तपासणीत बेथेस्डा २ आलं, म्हणजे कॅन्सर नाही. टीएसएच नॉर्मल, म्हणजे ग्रंथीचं काम ठीक. पण घास अडकल्यासारखा वाटतो, आणि लग्नाकार्यात बायका गळ्याकडे बघतात त्याचा तिला जास्त वैताग. सर्जन म्हणतात, अर्धी ग्रंथी काढू. दुसरीकडे आरएफए सुचवलं: सोनोग्राफीत बघत सुई घालायची, टोकाच्या उष्णतेनं गाठ जाळायची. भूल जागेपुरती, टाके नाहीत. मला हेच पटतंय. निरुपद्रवी गाठीपायी चालती ग्रंथी का काढायची?

दगडफूल
असहमत. काढलेली गाठ पूर्ण तपासली जाते. जाळलेली कोण तपासणार? शिवाय ती जात नाही, आकसते. कडेला राहिलेला भाग काही वर्षांनी परत वाढू शकतो. मग परत सुई, परत बिल.

पिंपळपान
दगडफूल, म्हणूनच आधी एकदा नाही, दोनदा सुईची तपासणी करतात. ही पद्धत कोरियातल्या रेडिओलॉजिस्टांनी घडवली आणि २०१२च्या त्यांच्या शिफारशींतच ही अट आहे. अर्धी ग्रंथी काढलेल्यांत साधारण पाचातल्या एकाला पुढे थायरॉइडची गोळी लागते, तेही हिशोबात धरा. माझ्या वहिनीचं आरएफए झालं. दुसऱ्या दिवशी ती भाजी निवडत बसली होती.

दगडफूल
वहिनींची गाठ किती उरली?

पिंपळपान
सहा महिन्यांत निम्मी.

दगडफूल
निम्मी म्हणजे घनफळानं! साडेतीन सेंटिमीटरच्या गोल गाठीचं घनफळ निम्मं झालं तरी व्यास पावणेतीनच्या आसपास राहतो. ऐंशी टक्के घटलं तर दोन. 'निम्मी होईल' ऐकून पेशंट अर्ध्या गाठीचं चित्र डोळ्यांसमोर आणतो.

पिंपळपान
गणित मान्य. पण तेवढ्यानंही दाब कमी होतो, आणि गळ्यावर व्रण नाही.

ताकपिठलं
दोघंही काहीतरी करायच्याच घाईत! अशा बहुतेक गाठींना काहीच करावं लागत नाही, वर्षा-दोन वर्षांनी सोनोग्राफी पुरते. घास अडकतो तो गाठीनंच कशावरून? आमच्या मामींचं दुखणं शेवटी पित्ताचं निघालं. (मामींना ते अजून मान्य नाही.) आणि शेवंती, गाठ भरीव की पाण्याची? पाण्याची असेल तर पाणी काढून आत अल्कोहोल सोडतात. ते स्वस्त आहे, आरएफएच्या आधी तेच विचारा.

सोनोवाली
रोज हेच बघते म्हणून लिहिते. ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते. तिला वाचवायला गाठ थोडी थोडी, सुई हलवत जाळतात. मध्ये ग्लुकोजचं पाणी सोडून अंतर करतात. पेशंट जागा असल्यानं त्याला बोलतं ठेवता येतं, आवाज बदलला की लगेच थांबायचं. तरी शंभरात एखाद्याचा आवाज बसतो, बहुधा काही आठवड्यांत-महिन्यांत परत येतो. नसेला धोका ऑपरेशनातही असतोच. सगळा खेळ हाताचा, तेव्हा डॉक्टरांनी किती केल्या ते निःसंकोच विचारा. गाठ छातीच्या हाडामागे उतरलेली असेल, तर मात्र सर्जनच बरा.

शेवंती
गाठ भरीव आहे, हाडामागे गेलेली नाही. दुसरी सुई गुरुवारी. पित्ताचंही विचारते. आईला मात्र आता आकारापेक्षा आवाजाची काळजी. भजनी मंडळात काकड्याला पहिला आवाज तिचा असतो. सोनोवालींचं वाचून दाखवलं तेव्हापासून म्हणते, "कार्तिक संपल्यावर बघू."