‘ऑन म्हणजे वर’ हा तक्ता पोरांच्या हाती देऊ नका

कृष्णाकाठ, सांगली
काल एका क्लासची पोस्ट फिरत होती. ‘इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, टू म्हणजे ला, विथ म्हणजे शी. एवढं पाठ करा, प्रिपोझिशनची कटकट कायमची मिटली.’ वाचून डोकं फिरलं.

अहो, आपण कुत्र्याला घाबरतो, भावावर रागावतो, शेजाऱ्याशी भांडतो. हे ला, वर, शी कुणी तक्त्यातून शिकवलं होतं का? कुठल्या क्रियापदाला काय लागतं हे ते क्रियापद ठरवतं. इंग्रजीतही तेच, फक्त तिथले जोड वेगळे. आपलं लग्न कुणा‘शी’ होतं, म्हणून तक्तेवालं पोरगं ‘मॅरीड विथ’ लिहितं. तिकडं ‘मॅरीड टू’. ‘लिसन’ला ‘टू’ लागतोच, ‘डिस्कस’ला काही लागत नाही. मग ‘डिस्कस अबाउट’ येतं कुठून? ‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ चालतं, पोरं तेच क्रियापदाला चिकटवतात. ‘एम्फसिस ऑन’ बरोबर, ‘एम्फसाइझ ऑन’ चूक, तेही याच कारणानं. म्हणून क्रियापद, प्रिपोझिशन आणि पुढचं नाम एका दमात द्या. ‘द ग्रेप्स डिपेंड ऑन द वेदर.’ आपल्या भागातल्या पोराला हे वाक्य जन्मभर पुरेल.

फळा-खडू
ती पोस्ट माझीच. बोलणं सोपं आहे. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून आम्ही खिंड लढवतोय. ‘द बुक इज ऑन द टेबल’ एवढं वाक्य यायलाही सुरुवात कुठूनतरी करावी लागते ना? तुमच्या हिशेबानं प्रत्येक क्रियापद वेगळं पाठ करायचं. पोरं पळून जातील.

वाईकर
मग तक्त्यातून ‘लुक आफ्टर’ शिकवून दाखवा. माझ्या भाचीनं ‘लुक आफ्टर युवर ब्रदर’चा अर्थ ‘भावाची काळजी घे’ऐवजी ‘भावाच्या नंतर बघ’ असा लिहिला. तुमच्यासारख्याच एका क्लासची कृपा. आणि नुसता अर्थ कळून भागत नाही, नाम कुठं बसतं तेही बघावं लागतं. ‘पिक अप द बॉक्स’ चालतं, ‘पिक द बॉक्स अप’ही चालतं. ‘इट’ आलं की मात्र ‘पिक इट अप’च. उलट ‘लुक हिम आफ्टर’ कधीच नाही. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सननं 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हेच.

मिरज जंक्शन
एवढं रक्त आटवायची गरज नाही. आमच्या गल्लीत सतारी बनवणारे काका परदेशी गिऱ्हाइकाला ‘आय एक्सप्लेन यू’ म्हणतात. ‘टू’ नाही, काही नाही. गिऱ्हाईक समजतं, सतार घेऊन जातं.

वाईकर
गिऱ्हाईक गरजू असतं, मुलाखत घेणारा नसतो. आणि मुळात आधी मराठी तरी धड बोला. शहरातली पोरं हिंदी ऐकून ‘माझी मदत कर’ म्हणतात, ‘मला मदत कर’ विसरले. तासगाव-जतकडं जा, ‘घरला गेलो’. मराठीची विभक्ती नीट नाही, त्यांना इंग्रजीचं काय येणार?

रानातला
थांबा जरा. ‘घरला’ काय चुकलं? आमची आजी, पणजी ‘घरला’च म्हणायच्या. हिंदीवरनं उचललेल्या चुकीच्या शेजारी आमची बोली नेऊन बसवता? सातवीत एका गुरुजींनी याच शब्दावरनं मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. वर्षभर तोंड उघडलं नाही मी, मराठीत नाही न् इंग्रजीतही नाही.

वाईकर
बोली घरात बोला, कोण अडवतंय? पेपरात ‘घरी’च लिहावं लागतं.

रानातला
पेपरात लिहितोच की. तुम्ही ‘धड बोला’ म्हणालात, ‘लिहा’ नव्हे. ते आधी मागं घ्या.

कृष्णाकाठ, सांगली
वाईकर, इथं तुमचं साफ चुकतंय. प्रमाण मराठीत तरी कुठं एकच प्रत्यय आहे? घरी जातो, शाळेत जातो, पुण्याला जातो. क्रियापद एकच, प्रत्यय तीन, म्हणजे नामाचंही ऐकावं लागतं. इंग्रजीत ‘गो टू स्कूल’, पण ‘गो होम’. जुन्या इंग्रजीत विभक्ती होती. ती झडली, तिचं बरंच काम प्रिपोझिशननी उचललं, पण ‘होम’ मात्र जुन्या रूपातच राहिलं. ‘घरला’ म्हणणाऱ्या पोराला ‘बाळा, होमला टू लागत नाही’ एवढं सांगितलं की काम होतं. वर्गाबाहेर कशाला काढायचं?

वाईकर
बरं. ‘धड’ शब्द मागे घेतो. ‘माझी मदत’बद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.

रानातला
त्याबद्दल कोण म्हणतंय? ते आम्हालाही खटकतं.

फळा-खडू
तुमचं भांडण आवरलं असेल तर ऐका. तक्ता काढणार नाही, टेबल-खुर्चीपुरता तो लागतोच. ‘कटकट कायमची मिटली’ ही ओळ खोडतो. त्याखाली डिपेंड ऑन, लिसन टू, मॅरीड टू अशी पूर्ण वाक्यं टाकतो. द्राक्षाचं वाक्य मात्र तुमचं घेणार.

कृष्णाकाठ, सांगली
घ्या. आणि ‘डिस्कस’ वेगळ्या चौकटीत टाका, पुढची जागा कोरी सोडून.