भूमितीच्या पाठांचे स्क्रीन रेकॉर्डिंग आणि संपादन: आवाज, मोबाईलचा लहान पडदा आणि लागणारा वेळ

प्रश्न: गणित शिक्षिका, चोपडा तालुका

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि दहावीच्या गणित भाग २ मधील वर्तुळ व भौमितिक रचना या प्रकरणांसाठी जिओजेब्रा या आकृत्या काढून हलवता येणाऱ्या गणिताच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने स्क्रीन रेकॉर्डिंगचे व्हिडिओ तयार करते आहे. अंतर्लिखित कोनाचा शिरोबिंदू वर्तुळावर त्याच बाजूला कितीही सरकवला तरी कोनाचे माप बदलत नाही, ही गोष्ट फळ्यावरच्या स्थिर आकृतीत सांगावी लागते. पडद्यावर ती मुलांना प्रत्यक्ष दिसते. कापूस वेचणीच्या दिवसांत काही मुले वर्गात येऊ शकत नाहीत आणि त्यांना तो तास पुन्हा मिळत नाही, हे या खटाटोपामागचे मुख्य कारण आहे.

माझ्याकडे ४ जीबी रॅमचा, १३६६ × ७६८ पडद्याचा साधा लॅपटॉप आणि मोबाईलचा वायरचा इअरफोन एवढेच साहित्य आहे. आकृतीवरची अक्षरे लॅपटॉपवर स्वच्छ दिसतात, पण मुलांच्या घरच्या मोबाईलवर ती पुसट होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून खोलीत बसणे अशक्य असल्याने प्रत्येक व्हिडिओत पंख्याची घरघर येते. पाच मिनिटांचा भाग संपादित करायला अख्खी संध्याकाळ जाते. चौथी अडचण अशी की, उदाहरण हाताने सोडवून दाखवण्याचा भाग मी मोबाईलवर लिहून मोबाईलच्याच स्क्रीन रेकॉर्डरने घेते आणि तो लॅपटॉपवर संपादनासाठी उघडला की सुरुवातीला जुळलेला आवाज पुढे पुढे चित्रापासून सुटत जातो. पैसे खर्च न करता यातून मार्ग काढता येईल का?

उत्तर १: महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळा, जळगाव

मॅडम, आपल्या पहिल्या तिन्ही अडचणी रेकॉर्डिंगचे बटण दाबण्यापूर्वीच्या तयारीत सुटू शकतात. संपादनात दुरुस्ती करता येते, पण जे मुळात रेकॉर्डच झालेले नाही ते संपादनात आणता येत नाही. म्हणून अक्षरांपासून सुरुवात करतो.

आपला पडदा १३६६ × ७६८ चा आहे आणि व्हिडिओ बहुधा १२८० × ७२० मध्ये साठवला जात असावा. असे असेल तर प्रत्येक चित्र थोडेसे आक्रसून साठवले जाते आणि त्या आक्रसण्यात बारीक रेषा फिकट होतात. देवनागरीत हे जास्त बाधते, कारण अनुस्वार, रफार आणि अर्धचंद्र या खुणा अक्षरापेक्षा कितीतरी लहान असतात व सर्वांत आधी त्याच नाहीशा होतात. मग ‘केंद्र’ हा शब्द मोबाईलवर ‘केद्र’ असा दिसतो. उपाय असा की, रेकॉर्डिंगपूर्वी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पडदाच १२८० × ७२० वर आणावा आणि ओबीएस स्टुडिओ (पडदा रेकॉर्ड करण्याचे मोफत सॉफ्टवेअर) यामध्ये बेस व आउटपुट ही दोन्ही मापे तीच ठेवावीत. त्या वेळेपुरता लॅपटॉपचा पडदा थोडा धूसर दिसेल, त्याची काळजी करू नये. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ठिपका जसाच्या तसा उतरतो. जिओजेब्राच्या पर्यायांत अक्षरांचा आकार २४ किंवा २८ करावा, रेषांची जाडी वाढवावी आणि ज्या खिडक्यांची त्या पाठात गरज नाही त्या बंद कराव्यात. बीजगणिताचा रकाना उघडा राहिला तर आकृतीची जागा विनाकारण जाते आणि मुलाचे लक्षही तिकडे वळते.

तयार भाग वर्गात पाठवण्याआधी तो स्वतःच्या मोबाईलवर, हात लांब करून, कमी दर्जावर लावून पाहावा. एक अक्षर जरी अडले तरी आकार वाढवावा.

ओबीएस आपल्या लॅपटॉपवर चालेल. इंटेलचा प्रोसेसर असल्यास एन्कोडरमध्ये क्विक सिंक निवडावे, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाईल करण्याचे काम प्रोसेसरमधील वेगळा भाग करतो आणि जिओजेब्रा अडखळत नाही. सेकंदाला ३० चित्रे पुरेशी आहेत. फाईलचा प्रकार एमकेव्ही ठेवावा, हे मी आग्रहाने सांगतो. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका सामान्यतः रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली आणि लॅपटॉपच्या बॅटरीत जीव नसला, तर ती अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही आणि सबंध फाईल उघडेनाशी होते. एमकेव्हीमध्ये वीज जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो. काम झाल्यावर ओबीएसच्या फाईल मेनूतील ‘रिमक्स रेकॉर्डिंग्ज’मधून तीच फाईल काही क्षणांत एमपी४ होते आणि दर्जा तसूभरही कमी होत नाही. ज्या लॅपटॉपवर दोन ग्राफिक्स कार्डे आहेत त्यावर ओबीएसमध्ये कधी कधी पडद्याऐवजी नुसता काळा चौकोन दिसतो. तेव्हा विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएससाठी वीज-बचतीचा पर्याय निवडला की बहुधा चित्र येते.

आता पंखा. मे महिन्यातल्या जळगाव-भुसावळच्या उन्हात पंखा बंद करून शिकवा, असे मी कोणालाही सांगणार नाही. चित्र आणि आवाज एकाच वेळी रेकॉर्ड केलेच पाहिजेत, हा आग्रह मात्र सोडावा. दुपारी पंख्याखाली बसून, मनातल्या मनात वाक्ये म्हणत, जिओजेब्रातील हालचाल सावकाश रेकॉर्ड करावी. आवाज पहाटे, घर आणि गल्ली शांत असताना, लिहून ठेवलेल्या वाक्यांवरून ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड व संपादित करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घ्यावा. खोली रिकामी असेल तर आवाज घुमतो, म्हणून समोर आणि पाठीमागे दोरीवर जाड गोधड्या टाकाव्यात. इअरफोनचा माइक तोंडासमोर धरू नये. वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा, कारण ‘फ’, ‘भ’, ‘ख’ या महाप्राण उच्चारांचा श्वास सरळ माइकवर आदळला की फटफट असा आवाज उमटतो. माइक कॉलरला घासू नये म्हणून तो कपड्याला न लावता पुस्तकांच्या चळतीवर टेकवावा.

तरीही थोडी घरघर राहिलीच, तर बोलण्याआधीची चार-पाच सेकंदांची शांतता रेकॉर्डिंगमध्ये मुद्दाम ठेवावी. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनमध्ये तेवढा भाग निवडून ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबावे आणि नंतर सगळा आवाज निवडून १२ डेसिबलच्या आसपास कपात करावी. पंख्यासारखा एकसुरी आवाज यात चांगला निघतो. भांडी पडल्याचा किंवा मोटारसायकलचा आवाज निघत नाही, तेवढे वाक्य पुन्हा म्हणणेच सोपे. कपातीचा आकडा फार वाढवला तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखे ऐकू येते, तेव्हा थोडी घरघर राहू द्यावी. शिक्षकाचा आवाज माणसाचा वाटणे अधिक महत्त्वाचे आहे.

उत्तर २: विज्ञान शिक्षक, शिरपूर

जळगावच्या सरांनी चित्र आणि आवाज वेगळे करण्याचा जो मुद्दा मांडला आहे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची, जो प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, सारी पद्धतच यावर बेतलेली आहे. तिथे आधी संहिता लिहिली जाते. पडद्यावर काय घडेल आणि त्या वेळी कोणते वाक्य ऐकू येईल हे समोरासमोरच्या दोन रकान्यांत मांडले जाते. विषय नव्याने शिकणाऱ्या व्यक्तीकडून ती संहिता तपासून घेतली जाते आणि मगच सुमारे दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग होते. चित्र तेच ठेवून मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज देता येतो, तो याच शिस्तीमुळे.

मॅडम, आपली संध्याकाळ संपादनात जाते याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, आपण बोलता बोलता वाक्य घडवत असाल आणि मग त्यातले अडखळणे कापत बसत असाल. ‘आता आपण काय करणार आहोत, तर आपण असं करणार आहोत’ यांसारखी वाक्ये वर्गात चालतात, कारण तेवढ्यात मुले वही उघडतात. व्हिडिओत ती ऐकणाऱ्याला थकवतात. संहितेत ती लिहिलीच जात नाहीत, म्हणून कापावीही लागत नाहीत. पाठ्यपुस्तकातील प्रमेय ‘अंतर्लिखित कोनाचे माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मे असते’ असे आहे. हे एकच वाक्य चित्राच्या तीन हालचालींत विभागावे लागते: प्रथम कोन रंगवणे, मग कंस जाड करणे, मग दोन्ही मापे शेजारी दाखवणे. हे तीन टप्पे कागदावर ठरले की माउस इकडे-तिकडे भटकत नाही. भटकणारा माउस हा या प्रकारच्या व्हिडिओंतला सर्वांत त्रासदायक दोष आहे. बोलताना त्याला एका जागी विसावू द्यावे आणि जिथे दाखवायचे तिथेच हलवावे.

चुकले तर रेकॉर्डिंग थांबवू नये. दोन सेकंद गप्प राहावे, एक टाळी वाजवावी आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणावे. आवाजाच्या आलेखात टाळीचा सरळसोट सुळका लांबूनही ओळखू येतो, त्यामुळे कापायची जागा शोधण्यासाठी संपूर्ण रेकॉर्डिंग ऐकावे लागत नाही. शॉटकट या व्हिडिओ संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘एस’ दाबल्यावर पट्टीचे दोन तुकडे होतात आणि नको असलेला तुकडा निवडून ‘एक्स’ दाबले की तो निघून मागचा भाग पुढे सरकतो. नव्वद टक्के संपादन या दोन कळांवर होते. आवाज चित्रापेक्षा लांबला तर ‘एक्स्पोर्ट फ्रेम’ने त्या क्षणाचे चित्र काढून तिथे ताणून ठेवावे. लॅपटॉप अडखळत असल्यास शॉटकटमधील प्रॉक्सीचा पर्याय सुरू करावा. संपादनापुरती हलकी प्रत वापरली जाते आणि अंतिम फाईल मूळ दर्जाचीच निघते.

कुठे कापू नये, हेही सांगितले पाहिजे. सगळी शांतता छाटून टाकण्याची सध्या जी पद्धत पडली आहे ती शिकवण्याच्या व्हिडिओला मारक आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘आता कंसाचे माप १०० अंश केले, तर कोनाचे माप किती होईल?’ असे विचारल्यानंतर पडद्यावर आकृती स्थिर ठेवून आठ-दहा सेकंद काहीच बोलू नये. ती शांतता मुलाच्या विचारासाठी आहे. पार्श्वसंगीत आणि भिरभिरत येणारी शीर्षके मात्र निःसंकोच काढून टाकावीत. अनावश्यक चित्रे आणि ध्वनी काढल्यास शिकणे सुधारते, हे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून वारंवार दिसले आहे. लांबीबाबतही एक आधार देतो. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतील ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला की व्हिडिओ कितीही लांब असला तरी प्रेक्षक त्यात रमण्याच्या वेळेचा मध्यक जास्तीत जास्त सहा मिनिटेच असतो. म्हणून एका व्हिडिओत एकच प्रमेय ठेवावे. सोडवलेली उदाहरणे पुढच्या व्हिडिओत.

उत्तर ३: प्राथमिक शिक्षक, धडगाव तालुका

सातपुड्यातल्या पाड्यांवर नेटवर्क मिळण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, म्हणून मी फाईलच्या आकाराविषयी आणि भाषेविषयी थोडे लिहितो. स्थिर आकृतीच्या व्हिडिओला १००० केबीपीएस (सेकंदाला हजार किलोबिट) एवढा दर पुरतो आणि त्या दराने दहा मिनिटांची फाईल साधारण ७५ एमबीची होते. व्हॉट्सॲपवर ती व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते आणि वर सांगितलेले अनुस्वार तिथेच गळतात. जिथे नेटवर्क नाही तिथे मेमरी कार्डावर फाईल देणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

भाषेचे म्हणाल, तर आमच्याकडे घरात पावरी किंवा भिलोरी बोलणारी मुले असतात, आपल्याकडे अहिराणी बोलणारी असतील. आवाज वेगळा घेतलेला असल्यास त्याच चित्रावर दुसरा आवाज बसवणे सहज शक्य आहे. ‘कंस’, ‘जीवा’, ‘शिरोबिंदू’ हे परीक्षेतले शब्द पाठ्यपुस्तकातलेच ठेवावेत आणि स्पष्टीकरण घरच्या भाषेत द्यावे. ते वरच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थिनीने दिले, तर लहान मुले अधिक मोकळेपणाने ऐकतात.

प्रश्नकर्ती

तिन्ही सरांचे मनापासून आभार. अहिराणी आवाजाची कल्पना माझ्या मनात आली नव्हती. दहावीतल्या दोन मुली याला आनंदाने तयार होतील. मोबाईलवर घेतलेल्या भागाचा आवाज का सुटतो, एवढेच अजून कळलेले नाही. तसे काही भाग माझ्याकडे आधीच रेकॉर्ड केलेले आहेत आणि ते पुन्हा करणे जड जाईल.

उत्तर १: महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळा, जळगाव

ते पुन्हा करावे लागणार नाहीत. मोबाईलचा रेकॉर्डर सेकंदाला ठरावीक चित्रे घेत नाही. आपण लिहीत असता तेव्हा तो भराभर घेतो आणि पडदा स्थिर असला की फारच थोडी घेतो. आवाज मात्र अखंड एकाच वेगाने साठवला जातो. संपादनाचे सॉफ्टवेअर सगळी चित्रे समान अंतरावर आहेत असे धरून चालले की दोहोंत फरक पडत जातो आणि व्हिडिओ जितका लांब तितका तो वाढतो. मूळ फाईल हँडब्रेक या व्हिडिओचे स्वरूप बदलणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडावी, व्हिडिओच्या रकान्यात ३० हा दर निवडून त्याखालील ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करावी आणि निघालेली नवी फाईलच संपादनाला घ्यावी. शॉटकट स्वतःही अशी फाईल ओळखून ती संपादनायोग्य स्वरूपात बदलू का, असे विचारते. तिथे होकार दिला तरी काम होते, पण त्या फाईली बऱ्याच मोठ्या असतात. लॅपटॉपवर जागा कमी असेल तर हँडब्रेकच वापरावे आणि अंतिम व्हिडिओ तपासून होईपर्यंत मोबाईलवरची मूळ फाईल पुसू नये.